नीट केलेली भिंत

सटवाईच्या कपारीला गुहा म्हणतात हे मला सतराव्या वर्षी कळलं, आणि तेही पुण्याहून आलेल्या बाईंच्या तोंडून. तोपर्यंत ती आमची नुसती कपार होती. आमचं गाव भोकरदनच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. नाला ओलांडून सीताफळीच्या झुडपांतून वर चढलं की काळ्या कड्याच्या पोटात ती दिसायची. तोंड रुंद, खोली बेताची, वरून छपराचा दगड पुढं आलेला. आत उजव्या कोपऱ्यात शेंदूर फासलेले सात दगड होते. गावातल्या प्रत्येक लेकराचं जावळ त्या दगडांपुढंच निघायचं, माझंही तिथंच निघालं. जावळ ठरलं की आदल्या दिवशी बायका शेणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन वर जायच्या आणि कपारीची जमीन अन् हात पोचेल तेवढी भिंत सारवून काढायच्या. उन्हाळ्यात बाहेर डोकं तापत असताना आत पाऊल टाकलं की अंगावरून ओलं फडकं फिरवल्यासारखं वाटायचं. पाकोळ्यांचा आणि जुन्या धुराचा मिळून एक वास असायचा. होले घुमायचे, आणि तो आवाज छपराला लागून असा खाली यायचा की पक्षी नेमका कुठं बसलाय ते कधी सापडायचं नाही. मी आता जालन्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, खाली पाण्याचा टँकर भोंगा वाजवत असतो, तरी दुपारी डोळा लागता लागता मला ते होले ऐकू येतात.

बाई आल्या तेव्हा ज्वारी हुरड्यात होती. त्यांचं नाव नलिनी, पण गावानं पहिल्या दिवसापासून त्यांना नुसतं बाई केलं. साडीखाली कापडी बूट, डोक्याला टॉवेल, खांद्याला पिशवी, आणि पिशवीत थापी, कुंचले, टाचणीएवढ्या अक्षरांनी भरलेल्या वह्या. डोंगरात फार जुन्या माणसांच्या खुणा आहेत का ते त्यांना बघायचं होतं, त्यावर त्यांची डॉक्टरेट चालू होती. आमचं घर माळवदाचं, त्यातली कडेची खोली रिकामी होती, म्हणून त्या आमच्याकडं उतरल्या. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पहिल्या संध्याकाळी त्यांना विचारलं, "दगडं बघाया एवढ्या लांबून आल्त्या व्हय?" बाई म्हणाल्या, "हो." अण्णा म्हणाले, "मंग इथं बिलकुल तोटा न्हाई." झालं, तेवढ्यावर त्यांचं बोलणं संपलं. अण्णा मुळात कमी बोलायचे, आणि जे बोलायचे त्यावर पुन्हा चर्चा व्हायची नाही. मायचं मात्र उलट. बाईंना हुरडा खाता येत नाही हे पाहून तिला जो कळवळा आला तो शेवटपर्यंत गेला नाही. सकाळी धपाटे आणि दही, दुपारी वर कपारीत भाकरी-ठेचा पोचता, रात्रीच्या जेवणाला येसराची आमटी, थंडी वाढली की हुलग्याची शेंगोळी. "तिकडं तुमाला कोन करून घालतं?" तिनं विचारलं. "मीच करते माझं," बाई म्हणाल्या. माय त्यांच्या मनगटाकडं बघून म्हणाली, "ते दिसूनच राह्यलंय." बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. माय चुलीपाशी बसली की जात्यावरचं काहीतरी गुणगुणायची, शब्द निम्मे विसरलेले, चाल तेवढी पक्की. बाई ते ऐकत वही मिटून नुसत्या बसून राहायच्या.

मी तेव्हा अकरावीला नापास होऊन घरी बसले होते. बाईंच्या मागं डबा घेऊन वर गेले ती तिथलीच झाले. सटवाईच्या कोपऱ्याला हात लावायचा नाही या अटीवर गावानं खणायला परवानगी दिली होती. तोंडाजवळ दोरी लावून आखलेला एक चौकोन, तो दोन गडी इतक्या सावकाश खरवडायचे की अण्णा म्हणाले, या गतीनं इहीर खांदली असती तर गाव तहानेनं मेलं असतं. बाई मला सांगायच्या, माणूस गुहेच्या पोटात राहत नसतो, तोंडाशी राहतो, कारण त्याला उजेड लागतो आणि बाहेरचं दिसायला लागतं. आत पाकोळ्या राहतात. मला हे फार पटलं, कारण आम्ही तरी घरात कुठं राहायचो, सगळा वेळ ओसरीवरच. खाली खाली जावं तशी जमीन रंग बदलायची. पिवळट, मग काळी राखेची पट्टी, मग तांबूस, पुन्हा राख. बाई प्रत्येक पट्टीला बारीक खिळ्यानं टोचलेली कागदाची चिठ्ठी लावायच्या आणि त्या चिठ्ठीवर आकडा. खड्ड्याची एक बाजू त्यांनी सरळ उभी ठेवली होती, छातीएवढी उंच, त्या भिंतीत हे सगळे थर एकाखाली एक दिसायचे. रोज सकाळी थापीच्या धारेनं ती भिंत अगदी हलकी खरवडली की रंग ताजे व्हायचे. ते काम पुढं पुढं माझ्याकडं आलं. ते झालं की बाई म्हणायच्या, "आता भिंत नीट झाली."

एक दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. गडी जेवायला उतरले होते. तांबूस थरावर गारगोटीच्या बारीक कपच्या विखुरलेल्या होत्या, नखाएवढ्या, काही दुधट, काही मधाच्या रंगाच्या, आणि धार अशी की बोट कापावं. बाईंनी प्रत्येक कपची जागेवरच ठेवली होती. मग त्यांनी मला वरून बघायला सांगितलं. कपच्यांचे दोन पुंजके दिसत होते, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि मधे हातभर रुंद जागा, तिथं एकही नाही. "इथं काय असेल?" बाईंनी विचारलं. मी म्हणाले, उंदराचं बीळ. त्या म्हणाल्या, "नाही गं. इथं कोणीतरी बसलं होतं. मांडीवर दगड घेऊन फोडत होतं. कपच्या दोन्ही बाजूंना उडाल्या, आणि ते माणूस उठून गेलं." मला तिथं बसून बघायचं होतं. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, पाय पोटाशी घेऊन बस, हलू नकोस. मी बसले. समोर आमचा नाला, त्याच्या पलीकडं आमचीच ज्वारी, गावाचा धूर. ते सगळं पुसून टाकायचा मी प्रयत्न केला. ज्वारी गेली, गाव गेलं, नाला राहिला, आणि कुठूनतरी होला घुमत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या पाठीला त्या माणसाची ऊब लागतेय असं मला वाटायला लागलं. ते माणूस बाई होतं की बुवा, हे मी बाईंना विचारलं नाही. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं होतं की ती बाई होती, आणि दगड फोडताना तीही काहीतरी गुणगुणत असणार.

मणी सापडला तो फाल्गुनात. उभ्या भिंतीच्या अगदी तळाला, सगळ्यात खालच्या राखेत, मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा, मळकट पांढरा, मधे भोक असलेला. बाईंनी भिंग लावलं. शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचा मणी, त्या म्हणाल्या. आपल्या या माळावर शहामृग पळायचे, तेव्हाचा. मी हसले, तर त्या रागावल्या. त्यांनी तो काढला नाही. निम्मा भिंतीत, निम्मा बाहेर असाच ठेवला. त्यांचे पुण्याचे सर येऊन तो जागेवर बघणार होते. मणी कुठल्या थरात आहे हे सरांनी डोळ्यांनी पाहिलं की बाईंचं म्हणणं उभं राहणार होतं, आणि पुढच्या सालचा खर्चही मंजूर होणार होता. "जागेवर आहे तोवर तो पुरावा आहे, शालन. हलला की नुसता मणी," त्या मला म्हणाल्या. आणि माझंही काही त्या मण्याला लटकलेलं होतं. बाईंनी अण्णांजवळ विषय काढला होता की हिला परत परीक्षेला बसवा, मग औरंगाबादला वसतिगृहात ठेवून शिकवू. अण्णा म्हणाले होते, "तुमचे मोठे सर सांगतील तर बघू." त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. घरात मी थर, अवशेष, अश्मयुग असे शब्द फेकत फिरायचे. माय कौतुकानं ऐकायची आणि शेजारच्या काशीकाकूला सांगायची, "आमची शाली इंग्रजी बोलून राह्यली." मी म्हणायचे, "ते मराठी आहे गं!"

बाई सरांना आणायला औरंगाबादला गेल्या. तिसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर त्यांची चिठ्ठी आली. माय अंगणात पापड्या वाळत घालत होती, तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचली: "उद्या सर येत आहेत. भिंत नीट करून ठेव. बाकी तुला माहीत आहेच." माय हात पुसत म्हणाली, "नीट म्हंजे? कशी करायची?" आणि मी, जिला सगळं माहीत होतं, नाक वर करून म्हणाले, "नीट म्हणजे नीट. तुला काय कळतंय त्यातलं." हे वाक्य मी इतक्या वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. खरवडायला फार तर तासभर लागणार होता, उद्या पहाटे जाऊन करू असं मी ठरवलं. आज मला केस धुवायचे होते, सरांपुढं घालायच्या पोलक्याला काजं करायची होती. दुपारभर मी आरशापुढं बसले. माय काशीकाकूला घेऊन कुठं गेली ते मी पाहिलं नाही. तिन्हीसांजेला ती आली तेव्हा कोपरापर्यंत शेण वाळलेलं होतं. मला वाटलं, गोवऱ्या थापून आली.

सर पहाटेच आले. जीप होती त्यांच्याकडं, त्यामुळं दुपारच्या एसटीचा माझा हिशोब चुकला. पण मला धास्ती वाटली नाही. थोडी धूळ असेल भिंतीवर, आणखी काय. सर म्हातारे, बारीक, काठी टेकत चढत होते. बाई त्यांना वाटेतल्या प्रत्येक दगडाबद्दल सांगत होत्या, त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. अण्णाही आले होते, धुतलेलं धोतर नेसून. वर कपारीच्या तोंडाशी माय उभी होती, डोक्यावरून पदर, हातात हळदीकुंकवाचं ताट. तिच्या मागं ती भिंत. शेण आणि तांबड्या मातीनं सारवलेली, तळहाताचे अर्धगोल एकसारखे उमटलेले, वरून पांढऱ्या मातीचा पट्टा, खड्ड्याच्या काठानं रांगोळीची पावलं. एकही थर दिसत नव्हता. इतकं सुबक सारवण मी आमच्या घरातसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

बाई होत्या तिथं खाली बसल्या. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मायचा चेहरा हसरा होता तो हळूहळू गोंधळत गेला. "काय चुकलं का बाई? भितीला पार पोपडे आल्ते. आन् कागदं उडून जातील म्हून म्या समदी काढून डब्यात ठिवली," तिनं पत्र्याचा डबा पुढं केला. खिळे आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या, सगळ्या एकत्र. बाईंनी अगदी हळू विचारलं, "मणी?" माय खुलली. "त्यो व्हय? त्यो कुन्या लेकराच्या गळ्यातला पडला आसंल. सटवाईपुढं ठिवलाय. ज्याचा आसंल त्याचं भलं व्हईल." सात दगडांपुढं, हळदीकुंकवाच्या चिमटीत, तो मणी होता. सरांनी तो उचलला, तळहातावर घेतला, कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाले, "मणी खरा आहे, नलिनी. पण आता मी काय सांगू, कुठं होता?" भिंत वीतभर आत कापून थर पुन्हा उघडे करता येणार होते, तसे त्यांनी नंतर केलेही. मण्याला मात्र जागा उरली नाही.

बाई माझ्याकडं वळल्या. "शालन, माझी चिठ्ठी पोचली नव्हती का तुला?" चिठ्ठी माझ्या नव्या पोलक्यातच होती. मला तिचा कागद टोचत होता. सर बघत होते, अण्णा बघत होते. मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "चिठ्ठी माझ्यापाशीच व्हती. पोरीला दावलीच न्हाई म्या. माझीच चूक हाय." बाईंना माहीत होतं की मायला वाचता येत नाही, मामांची पत्रं तिला त्याच वाचून दाखवायच्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मूग गिळून उभी राहिले. मग सर अण्णांकडं वळून, अगदी सौम्यपणे म्हणाले, "पाहिलंत ना? म्हणून मुली शिकल्या पाहिजेत. हिला शिकवा. हे अज्ञान घरातून जायला हवं." अण्णांनी हात जोडले. माय सगळ्यात जोरात मान हलवत होती. "बराबर हाय सायेब," ती म्हणाली, "जल्दी न्या हिला." खाली उतरताना तिनं काठावरची रांगोळी पायानं पुसून टाकली. मी ते पाहिलं आणि तिच्या पुढं निघून गेले.

मी शिकले. औरंगाबादचं वसतिगृह, पदवी, पुढं कॉलेजात नोकरी, गुहांवरची व्याख्यानं. पोरांना मी थर शिकवले, जागेचं महत्त्व शिकवलं, आणि मला चांगली शिक्षिका म्हणतात. बाईंची डॉक्टरेट झाली, पण मण्याशिवाय, लहानशी. त्यांनी मला कधी त्या चिठ्ठीबद्दल विचारलं नाही, आणि त्यांच्या न विचारण्याचा मी फायदा घेतला. कपारीच्या उत्खननाचं पुस्तक निघालं तेव्हा त्यांनी एक प्रत मला गावच्या पत्त्यावर पाठवली. सगळं इंग्रजीत. मायनं पुस्तक हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, "आपल्या कपारीचं हाय? माझं बी हाय का त्यात?" मी पान उघडलं. होतं. 'एका अशिक्षित स्थानिक स्त्रीच्या हस्तक्षेपामुळे मण्याचा थर निश्चित करता आला नाही,' असं होतं. ती भाकरीच्या पिठाचे हात तसेच धरून वाट बघत होती. मी वाचून दाखवलं, "या कपारीची देखभाल गावातल्या कौशल्याबाईंनी मनापासून केली. त्यांच्या मदतीशिवाय हे काम झालं नसतं." माय म्हणाली, "नाव बी घातलंय?" मी म्हणाले, "घातलंय."

तिनं ते पुस्तक साडीच्या घडीत ठेवलं. मी सुट्टीला गेले की कोणी पाहुणा आला तर ती ते काढायची आणि मला म्हणायची, वाच. मी पान उघडायचे, छापलेल्या त्या ओळीवर बोट ठेवायचे आणि दुसरीच ओळ वाचायचे. काशीकाकूला वाचून दाखवली, मामांना दाखवली, भावाच्या लग्नात व्याह्यांना दाखवली. मला ती ओळ छापल्यासारखी पाठ झाली. पुढं पुढं तर छापलेली कोणती आणि माझी कोणती याचाही मला क्षणभर घोळ व्हायचा. आतून मात्र दर वेळी लाज वाटायची. खरं सांगावं असं वाटायचं, आणि तिचा चेहरा बघून राहून जायचं.

मायनं ऐंशी ओलांडल्यावरची गोष्ट. भावाच्या मुलाचं नवं लग्न झालेलं, सून जालन्यात बँकेत नोकरीला, चुणचुणीत मुलगी. ती पहिल्यांदा गावी आली, तर मायनं पुस्तक बाहेर काढलंच. मी चष्मा शोधत होते. सुनेनं पुस्तक उघडलं, खुणेचं पान आपोआप निघालं, आणि ती म्हणाली, "आजी, हे तर इंग्रजीत आहे. द्या, मी वाचून सांगते." तिचे डोळे ओळीवर गेलेही होते. तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. मायनं हात लांबवला आणि पुस्तक तिच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे बाय," ती म्हणाली. "तुला न्हाई यायचं ते. ते आमच्या शालीलाच बराबर वाचता येतं."

मी तिच्याकडं बघत राहिले. किती वर्षांपासून तिला ठाऊक होतं, कोण जाणे. तिनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, पदर सावरून बसली आणि म्हणाली, "वाच."

मी चष्मा लावला आणि वाचलं.